मी पुसलेली पावसाची नोंद

शाळेच्या वार्षिकात शिक्षकाने लिहावयाचे ते बहुधा विद्यार्थ्यांच्या चुकांविषयी, अथवा चुका न करणाऱ्या थोर पुरुषांविषयी. यंदा माझ्याकडे लेख मागण्यात आला तेव्हा माझ्या मनात निराळेच काही घोळत होते. इयत्ता आठवीला ते ठाऊक आहे. इतर वर्गांत त्याची नाना रूपे फिरत आहेत, आणि काही पालकांच्या कानांवर तर 'सरांनी यंत्र जाळले' इतके भयंकर वर्तमान गेले आहे. यंत्र जळाले नाही. जे घडले ते असे.

२०२५ च्या जून महिन्यात आठवीच्या मुलामुलींनी शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसविले. वर १६ सेंटिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे नरसाळे. त्याखाली तराजूच्या दांडीप्रमाणे मध्यावर टेकलेली, मध्ये आडवा पडदा असलेली छोटी पन्हळ. पडद्याच्या एका बाजूस ५ मिलिलिटर पाणी साचले की पन्हळ त्या अंगास कलंडते, पाणी सांडते, आणि दुसरी बाजू नरसाळ्याखाली येते. प्रत्येक कलंडण्यासरशी तिला चिकटविलेला लोहचुंबक रीड स्विच नावाच्या काचेच्या नळीजवळून जातो, नळीतली दोन पाती क्षणभर एकमेकांस भिडतात, आणि एक अंक वाढतो. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाचे पाणी सुमारे २० मिलिलिटर भरते. तेव्हा पन्हळ ४ वेळा कलंडली की १ मिलिमीटर पाऊस झाला. हे गणित मुलांनी इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी ओतून दोन दिवस पडताळून पाहिले. माझ्यापाशी एवढी चिकाटी नाही, हे येथेच कबूल करतो.

अंक मोजण्याचे काम आर्डुइनो ऊनो नावाच्या बोर्डाकडे होते. 'ऊनो' म्हणजे इटालियन भाषेत 'एक'. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली, विजेच्या यंत्रांची माहिती नसलेल्या विद्यार्थ्यांनाही हाताळता यावा अशा हेतूने आर्डुइनो बोर्ड प्रथम निर्माण झाला. आमचे दोन ऊनो मी मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. त्या रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण ते नाव सांगून पत्ता विचारल्यास दुकानदारही क्षणभर घोटाळतो.

ऊनोवरील मुख्य चिपेत तीन प्रकारच्या स्मृती असतात. पहिली फ्लॅश, ३२ किलोबाइटची. यंत्राने काय करावयाचे तो प्रोग्राम हिच्यात राहतो. दुसरी ईईप्रॉम, अवघ्या १,०२४ बाइटांची. वीज गेली तरी टिकावेत असे अंक हिच्यात ठेवतात. तिसरी केवळ काम चालू असेतोवरची. एका बाइटात ० ते २५५ एवढाच अंक मावतो. पन्हळीच्या हिशेबाने २५५ म्हणजे ६४ मिलिमीटरांहूनही कमी, आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात जुलैची एखादी रात्रच तेवढी भरते. म्हणून मुलांनी प्रत्येक दिवसाला दोन बाइट दिले. १६ जूनला शाळा उघडली त्या दिवसापासून १२ सप्टेंबरपर्यंत ८९ दिवसांचा पाऊस अशा रीतीने १७८ बाइटांत नांदत होता. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ती ठेवावी हे मला सुचावयास हवे होते.

१३ सप्टेंबर, शनिवार. यंत्राच्या पडद्यावर तारखेतील दिवस व महिना उलट क्रमाने दिसत असत. कोणाला ते खुपत नव्हते. मला खुपत होते. शाळा सुटल्यावर मी बोर्ड गच्चीवरून काढला, डब्याच्या पिशवीत घातला आणि ठाण्याहून डोंबिवलीची गाडी पकडली. घरी संगणक उघडून प्रोग्रामातील दोन ओळी सुधारल्या. मग ध्यानात आले की, बोर्डाला लागणारी चौकोनी तोंडाची केबल, जी प्रिंटरलाही चालते, ती शाळेतच राहिली आहे.

माझ्या खणात एक प्रोग्रामर होता. सुट्या चिपेत थेट प्रोग्राम भरण्याचे ते बोटाएवढे उपकरण. हेही तेच काम करते, मग केबलीसाठी सोमवारपर्यंत का थांबा, असा मी विचार केला. प्रोग्रामर जोडला, यादीतील 'प्रोग्रामरद्वारे भरा' ही ओळ निवडली, आणि काही क्षणांत काम फत्ते झाले. तारीख सरळ दिसू लागली. मी चहाचा कप उचलला, आणि तारखेशेजारी 'काल' या शब्दापुढचा अंक वाचला. तो होता ६५५३५.

या अंकाला ४ ने भागा. काल एका दिवसात १६ मीटरांहून अधिक पाऊस झाला, असे यंत्र म्हणत होते. पाच मजली इमारत बुडावी एवढा. नोहाच्या वेळी दिवसाला किती पडला याची नोंद नाही, पण माझ्या यंत्रात मात्र परवाही तेवढाच, तेरवाही तेवढाच, आणि १६ जूनपासून रोज तेवढाच पडला होता. पुसलेली पाटी कोरी असते, म्हणजे तिच्यावर शून्य असते, असा आपला समज. या स्मृतीचे तसे नाही. तिच्या प्रत्येक घरात विद्युत्कण कोंडून ठेवलेले असतात. ते काढून टाकले की घर '१' असे वाचले जाते. सगळी घरे '१' झाली की बाइट २५५ होतो आणि दोन बाइटांची जोडी ६५५३५. यंत्रातल्या घड्याळाला स्वतःचा निराळा नाण्याएवढा सेल आहे, म्हणून तेवढे घड्याळ बिनचूक चालले होते.

काय झाले ते आता सांगणे सोपे आहे. केबलीने प्रोग्राम भरतो तेव्हा तो चिपेत स्वतः शिरत नाही. फ्लॅशच्या शेवटच्या अर्ध्या किलोबाइटात बूटलोडर नावाचा एक लहानसा द्वारपाल बसलेला असतो. तो आलेला प्रोग्राम घेऊन १२८ बाइटांचे एकेक पान पुसतो व लिहितो. दुसऱ्या खोलीतल्या नोंदींना तो हात लावीत नाही. प्रोग्रामर मात्र द्वारपालास विचारीत नाही. तो प्रथम सगळे घर धुऊन काढतो, द्वारपालासकट, आणि मग आपले सामान मांडतो. फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. तिला हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचविले असे सांगतात, कारण तिचे एकदम पुसले जाणे त्याला छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखे वाटले. त्या रात्री मला ते नाव फार समर्पक वाटले.

"अहो, ताट वाढलंय," असे घरातून दोनदा ऐकू आले. तिसऱ्यांदा पत्नी स्वतः आली, पडद्याकडे पाहून म्हणाली, "एवढा मोठा आकडा? चांगलं आहे की." मी काही बोललो नाही.

रविवारचा सबंध दिवस मी एक वाक्य तयार करण्यात घालविला. 'मुलांनो, दुर्दैवाने नोंद पुसली गेली.' वाक्य निर्दोष होते. त्यात असत्य काही नव्हते. पुढे वाटल्यास 'वीज गेली असता' एवढे जोडण्याची सोय होती, आणि डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाच्या त्या तीन शब्दांवर कोणी शंका घेतली नसती. परंतु जुलैत घडलेली एक गोष्ट मध्ये आडवी येत होती. प्रयोगशाळेत एका मुलाच्या हातून चंचुपात्र फुटले आणि तो मला म्हणाला, "सर, चंचुपात्र फुटलं." शिक्षक कमी असल्यामुळे यंदा आठवीचे मराठीही माझ्याकडे आहे. मी ती संधी साधली. आपल्या भाषेत कर्त्याला लपून बसावयास किती जागा आहेत यावर मी वीस मिनिटे बोललो: काच फुटली, दूध सांडले, गाडी चुकली, राहून गेले. मग त्या मुलास फळ्यावर 'चंचुपात्र मी फोडले' असे लिहावयास लावले, आणि पूर्णविराम राहिला म्हणून त्याला परत पाठविले. त्या वेळी मला हे अध्यापन मोठे मार्मिक वाटले होते. रविवारी संध्याकाळी तसे वाटेना. त्या मुलाचे कान कसे लाल झाले होते ते मात्र नीट आठवले.

सोमवारी गाडीत मुंब्र्याचा डोंगर मागे पडेपर्यंत ते निर्दोष वाक्य माझ्या जिभेवर होते. वर्गात गेलो, हजेरी घेतली, आणि खडू उचलून फळ्यावर लिहिले: नोंद मी पुसली

वर्ग काही वेळ स्तब्ध होता. मुलांना प्रथम अर्थच कळला नाही. कळला तेव्हा पुढच्या बाकावरील एका मुलीचे डोळे भरून आले, कारण सिरिंजचे काम तिचे होते. मग मागून आवाज आला, "सर, पूर्णविराम राहिला." चंचुपात्रवाला मुलगा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर उर्मटपणा नव्हता. नियम तो नियम, एवढेच. मी पूर्णविराम दिला. वर्ग हसला आणि आम्ही प्रयोगशाळेत गेलो.

आता केबल होती. परंतु ती जोडून प्रोग्राम भरू जाता संगणकावर 'दहापैकी पहिला प्रयत्न: जुळत नाही', 'दहापैकी दुसरा प्रयत्न: जुळत नाही' अशा ओळी एकामागून एक उमटल्या. द्वारपालच नव्हता, दार कोण उघडणार? त्याला परत बसविण्यास प्रोग्रामर हवा, पण माझ्या प्रोग्रामरला शाळेचा संगणक ओळखीना; आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी त्याला हात लावण्याची माझी इच्छाही नव्हती. तेव्हा दुसरा धडधाकट ऊनो वैद्य झाला. एका ऊनोकडून दुसऱ्याची दुरुस्ती करविता येते, ही या बोर्डाची फार चांगली सोय आहे. ज्यांच्या घरी असा बोर्ड मुका होऊन पडला असेल त्यांच्यासाठी ती थोडी सविस्तर सांगतो.

धडधाकट बोर्डात आधी 'आर्डुइनो-आयएसपी' हा नमुन्यादाखल दिलेला प्रोग्राम भरावा. मग सहा तारा: ५ व्होल्ट ते ५ व्होल्ट, ग्राउंड ते ग्राउंड, ११ ते ११, १२ ते १२, १३ ते १३, आणि वैद्याच्या १० क्रमांकापासून रोग्याच्या रीसेटपर्यंत. याशिवाय वैद्याच्या रीसेट व ग्राउंड यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याचे धन टोक रीसेटकडे. नाहीतर संगणकाने हाक मारताच वैद्य स्वतःच झोपेतून उठल्यासारखा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हा कपॅसिटर प्रोग्राम भरून झाल्यावरच लावावयाचा. मी तो आधीच लावीत होतो. सिरिंजवाल्या मुलीने माझा हात धरला. शेवटी प्रोग्रामरांच्या यादीतून 'आर्डुइनो ॲज आयएसपी' निवडावा. त्याच यादीत 'आर्डुइनो-आयएसपी' असेही एक नाव आहे. ते निराळ्या उपकरणाचे आहे आणि पुष्कळजण तेथेच फसतात.

आमचा पहिला प्रयत्न फसला. संगणकाने रोग्याची सही विचारली, उत्तर शून्य आले. प्रत्येक चिपेत तिची ओळख सांगणारे तीन बाइट कारखान्यातच कोरलेले असतात. त्यांना सही म्हणतात. उत्तर शून्य म्हणजे चिप मेली, असे कोणीतरी पुटपुटले. मलाही भीती वाटली. पाच मिनिटांनी चंचुपात्रवाल्याने विचारले, "सर, ११ आणि १२ उलटसुलट का जोडल्यात?" त्या तारा एका मुलाने बुद्धिपुरस्सर तशा जोडल्या होत्या; एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी हवे, असा त्याचा तर्क. तर्क चांगला होता, अन्य ठिकाणी बरोबरही ठरतो, पण येथे ११ ला ११ च लागतो. तारा सरळ केल्या, पुन्हा विचारणा केली, आणि पडद्यावर उत्तर आले: १ई, ९५, ०एफ. पहिला बाइट अटमेल या मूळ निर्मात्याचा, दुसरा ३२ किलोबाइट फ्लॅशचा, तिसरा या विशिष्ट चिपेचा. सारे पुसले गेले तरी हे तीन बाइट पुसण्याच्या कक्षेत येत नाहीत. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मी का कोण जाणे, खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

मिनिटाच्या आत बूटलोडर चढला. केबलीने प्रोग्राम भरला. मधल्या सुट्टीपूर्वी यंत्र गच्चीवर होते.

पाऊस परत येणार नव्हता. तरी सगळाच गेला नव्हता, हे मला दुपारी कळले. वर्गातील एक अबोल मुलगी शाळेत आल्यावर रोज गच्चीवर जाई आणि पडद्यावर जे दिसेल ते आपल्या कच्च्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेई. असे कोणी सांगितले नव्हते. तिच्या वहीत ८९ पैकी ५५ दिवस निघाले. राहिलेले ३४ म्हणजे रविवार, सणांच्या व गणपतीच्या सुट्ट्या, आणि एक चमत्कारिक प्रकार: अतिवृष्टीमुळे शाळा बंद राहिल्या ते दिवस. १९ ऑगस्टला ठाणे व मुंबईतील शाळांना पावसामुळे सुट्टी होती हे पालकांना आठवत असेल. ज्या दिवसांसाठी पर्जन्यमापक बसविले, नेमके तेच दिवस वहीत कोरे!

पण तिने पडद्यावरच्या दोन्ही ओळी उतरवल्या होत्या. 'काल' ही पहिली आणि 'आजवर' ही दुसरी. शुक्रवारचे 'आजवर' आणि सोमवारचे 'आजवर' यांची वजाबाकी केली की मधल्या दिवसांची एकत्र बेरीज निघते. कोणत्या दिवशी किती ते गेले; मिळून किती ते राहिले. मुलांनी या बेरजांना 'जुड्या' असे नाव दिले, बाजारात मेथीच्या असतात तशा. तक्त्यावर एकेका दिवसाचा स्तंभ अरुंद आणि जुडीचा स्तंभ रुंद, तिरप्या रेघांनी भरलेला, असे ठरले.

विज्ञान प्रदर्शन जवळ आले होते. एका स्नेह्यांनी मला कळकळीने सुचविले, "सर, सरकारी केंद्रांचे रोजचे आकडे मिळतात. त्या प्रमाणात जुड्या सोडवून टाका. बेरीज तुमचीच राहील, तक्ता देखणा होईल. मुलांच्या मेहनतीचं चीज होऊ द्या." सूचना दुष्ट नव्हती, आणि मी चार दिवस तिच्याशी खेळत होतो, कारण रुंद स्तंभ म्हणजे माझ्या चुकीचे चित्रच होते, आणि ते भिंतीवर लागणार होते.

मी ती मुलांपुढे ठेवली. त्यांना २००५ ची हकिकत सांगितली. मी तेव्हा कल्याणास राहत असे. २६ जुलैला उल्हास व वालधुनी नद्यांचे पाणी गावात शिरले होते. त्या २४ तासांत मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच मुंबईतील कुलाब्यास १०० च्या आत. दोन्ही हवामान विभागाचीच केंद्रे. मुलांनी थोडा वेळ कुजबुज केली. मग अबोल मुलगी उभी राहिली. "सर, तो दुसऱ्या गच्चीवरचा पाऊस आहे," इतकेच म्हणून ती खाली बसली. तक्ता जुड्यांसह गेला. १९ ऑगस्टच्या जुडीसाठी वरून कागद जोडावा लागला.

प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी रुंद स्तंभांविषयी विचारले तेव्हा मुले क्षणभर माझ्याकडे पाहू लागली. मी पुढे होऊन सांगितले.

एक काम उरले होते. चिपेत 'फ्यूज' नावाचे काही बिट असतात. विजेच्या फ्यूजशी त्यांचा संबंध नाही. त्यांपैकी एक लावला असता चिप पुसली गेली तरी ईईप्रॉममधील नोंद राहते. आमच्या बोर्डात तो लावलेला नव्हता. गंमत अशी की या बिटांत ० म्हणजे 'होय', म्हणून तो लावण्यासाठी 'डीई' हा अंक बदलून 'डी६' असा घटवावा लागतो. चंचुपात्रवाल्याने तो बदलला. मग मुलांच्या आग्रहावरून मी सर्वांसमक्ष प्रोग्रामर जोडून तीच चूक पुन्हा केली. द्वारपाल गेला, नोंद राहिली. बूटलोडर पुन्हा चढविला, तर त्या चढविण्यात फ्यूज पूर्वपदावर आलेला. तो पुन्हा लावला. या सगळ्यात मधली सुट्टी संपली आणि दोघा-तिघांचे डबे तसेच राहिले, याबद्दल त्यांच्या मातांची क्षमा मागतो.

यंत्राशेजारी आता दोरीने एक वही टांगलेली आहे. तिच्यात रोज एकजण 'काल' आणि 'आजवर' लिहितो. रविवारी मी जातो. १५ सप्टेंबरला यंत्र गच्चीवर परत गेले, त्या दिवसाची ओळ अबोल मुलीच्या अक्षरात पहिली आहे. तिच्यापुढे तिने कंसात लिहिले आहे, 'सकाळचा धरला नाही'.